शहराला आपल्याकडून काय हवंय?

चीनमधल्या हेफेई शहराची लोकसंख्या २०२४ च्या अखेरीस एक कोटीवर गेली, तरी आमच्या युरोपातल्या मुख्यालयाच्या कागदांत ते अजून ‘लहान शहरां’च्या रकान्यात आहे. बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ आणि शेन्झेन ही चार पहिल्या श्रेणीची. त्याखाली दुसरी, तिसरी, चौथी श्रेणी, आणि त्यांत शेकडो शहरं. ही उतरंड सरकारने ठरवलेली नाही. शांघायचा यिचाय हा अर्थविषयक माध्यमसमूह दुकानं, दळणवळण, लोकांची राहणी असे निकष लावून दरवर्षी शहरांची यादी काढतो आणि ती यादी परदेशी कंपन्यांच्या सादरीकरणांत जाऊन बसते. मग बैठकीत कुणीतरी नकाशावर बोट ठेवून विचारतं, ‘इथे अजून आपल्यापैकी कुणी गेलेलं दिसत नाही. आपण जाऊया का?’

मी शांघायजवळच्या सुझोऊत राहते आणि रासायनिक कारखान्यांना लागणारे पंप व त्यांतून द्रव गळू नये म्हणून बसवायचे सील बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या युरोपीय कंपनीत काम करते. नवं शहर बघायला जायचं, तिथल्या अधिकाऱ्यांशी बोलायचं, ग्राहकांचे कारखाने पाहायचे आणि जावं की नाही यावर मत द्यायचं, हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. ते करताना एक गोष्ट मला पक्की पटली. आपण जाऊन शहर निवडण्याच्या कितीतरी आधी शहराने आपल्याला निवडलेलं असतं. त्याला आपल्याकडून काय हवंय हे उमगल्याशिवाय तिथल्या जमिनीचा, सवलतींचा आणि बाजारपेठेचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही.

हेफेईचंच बघा. आन्हुई प्रांताची राजधानी असूनही पूर्वेकडच्या श्रीमंत शहरांपुढे ते कायम मागे पडलेलं. जमेची बाजू म्हणजे १९७० मध्ये बीजिंगहून तिथे हलवलेलं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ. परदेशी कंपन्याही होत्या. हिताचीची बांधकाम-यंत्रं १९९० च्या दशकापासून तिथे बनतात आणि युनिलिव्हरने या शतकाच्या सुरुवातीला आपलं उत्पादन शांघायहून तिथे नेलं. पण खरी कलाटणी मिळाली ती २००८ मध्ये. बीओई या चिनी कंपनीचा एलसीडी पडद्यांचा सहाव्या पिढीचा कारखाना आणण्यासाठी शहराने स्वतःचा पैसा ओतला. त्यापायी मेट्रोचं काम लांबणीवर टाकलं, असं हेफेईतले लोक आजही अभिमानाने सांगतात. पडदे आले म्हटल्यावर काच हवी. २०१५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या कॉर्निंगने बीओईच्या नव्या कारखान्याला लागूनच काचेचा कारखाना टाकायचं जाहीर केलं. २०२० मध्ये नीओ ही विजेवरच्या गाड्यांची कंपनी पैशांअभावी अडचणीत होती, तेव्हा हेफेईच्या सरकारी गुंतवणूकदारांच्या पुढाकाराने तिच्यात ७ अब्ज युआन घातले गेले. त्याच वर्षी फोक्सवॅगनने तिथल्या जेएसी या मोटार कंपनीबरोबरच्या भागीदारीत आपला हिस्सा ७५ टक्क्यांवर नेला.

हे सगळं एका ओळीत मांडलं की कळतं, हेफेई नुसते भूखंड वाटत बसलेलं नाही. ते स्वतः भागभांडवल घालतं, साखळी जुळवतं आणि साखळीतली कुठली कडी कमी आहे ते हुडकत हिंडतं. अशा शहरांत प्रत्येक उद्योगसाखळीवर एक वरिष्ठ अधिकारी नेमलेला असतो. त्याच्या कचेरीतल्या तक्त्यावर कच्च्या मालापासून तयार गाडीपर्यंत चौकटी काढलेल्या असतात. काही भरलेल्या, काही रिकाम्या. आपली कंपनी रिकाम्या चौकटीत बसत असेल तर विमानतळापासून बडदास्त सुरू होते. चौकट आधीच भरलेली असेल तर चहा मिळतो, हसून बोलणंही होतं, पण पुढची तारीख काही मिळत नाही. आपण कुठल्या चौकटीत आहोत हे मी पहिल्याच भेटीत सरळ विचारते. विचारलेलं त्यांना आवडतं, कारण त्यांनाही वेळ घालवायचा नसतो.

प्रत्येक शहराला हे असं जमत नाही. वुहानमध्ये होंगशिन नावाचा चिपचा प्रकल्प २०१७ मध्ये हजारो कोटी युआनच्या आकड्यांसह जाहीर झाला आणि २०२० मध्ये पैसे संपून अर्धवट इमारतींसह स्थानिक सरकारच्या गळ्यात पडला. ज्यांनी माल आणि मजुरी दिली होती त्यांची बिलं अडकली. हेफेईची नक्कल करायला निघालेली शहरं पुष्कळ आहेत. त्यामुळे एखादा अधिकारी ‘आम्ही पुढचं हेफेई’ म्हणाला की मी त्याच्याकडे विद्यापीठ कुठलं, पदवीधर तिथेच थांबतात का आणि आधी आलेल्या मोठ्या कंपनीचा कारखाना खरंच चालू आहे का, हे तपासते. चालू कारखाना ओळखायला फाटकाशी तासभर उभं राहिलं तरी पुरतं. पाळी बदलताना किती लोक बाहेर पडतात आणि किती मालट्रक भरून निघतात, ते दिसतं.

पाहुण्यांना दाखवायचं ठिकाण मात्र ठरलेलं असतं, शहराच्या नियोजनाचं प्रदर्शन-दालन. मोठ्या सभागृहात जमिनीवर अख्ख्या शहराची प्रतिकृती मांडलेली. कानाला माइक लावलेली मुलगी लेझरचा ठिपका फिरवत बोलत असते आणि तिच्या वाक्यागणिक एकेक भाग उजळत जातो. आधी जुनं शहर, मग नदीपलीकडचा नवा भाग, मग औद्योगिक वसाहत, मग अजून न बांधलेली मेट्रो. बांधलेलं आणि न बांधलेलं यांचा दिव्याचा रंग एकच. मी तिला थांबवून विचारते की यातलं आज उभं काय आहे? बहुतेक मुली गोंधळत नाहीत, शांतपणे ठिपका नेऊन दाखवतात. एकीने तर दालन संपल्यावर बाजूला घेऊन सांगितलं, ‘ताई, सांडपाण्याचा प्लांट अजून झालेला नाही, तुम्ही केमिकलवाले आहात म्हणून सांगते.’ चिनीत तिने मला ‘चिए’, म्हणजे थोरली बहीणच म्हटलं होतं. त्या वसाहतीत आमच्या ग्राहकांना परवाने मिळणार नव्हते हे तिच्या त्या एका वाक्याने कळलं. सवलतींच्या जाडजूड पुस्तिकेत त्याचा उल्लेख नव्हता.

आता सवलतींकडे येते, कारण मुख्यालयात सर्वांत जास्त वेळ त्यांच्यावर जातो. एका लहान शहराने आम्हाला जेवणाच्या गोल टेबलावर बरंच काही देऊ केलं. तयार शेडचं तीन वर्षांचं भाडं माफ, यंत्रांच्या किमतीवर अनुदान, तंत्रज्ञांना घरभाडं. शहराचे पक्षसचिव, म्हणजे तिथले कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख, दाराकडे तोंड करून यजमानाच्या जागी बसले होते, आमचे संचालक त्यांच्या उजव्या हाताला, आणि पेला उंचावून प्रत्येक गोष्टीला होकार मिळत होता. शेड मिळाली, भाडंही माफ झालं. यंत्रांचं अनुदान आम्ही मागायला गेलो तेव्हा ते सचिव बढती मिळून दुसऱ्या शहरात गेलेले होते. नव्या माणसाने नम्रपणे विचारलं की या रकमेची तरतूद कुठल्या कागदावर आहे? आमच्याकडे बैठकीचा वृत्तांत होता, त्यावर वसाहतीच्या समितीचा शिक्का होता, पण अशी रक्कम मंजूर करायचा अधिकार त्या समितीला नव्हताच. अनुदान आलं नाही. त्याच्या भरवशावर मागवलेलं एक यंत्र आमच्या तिथल्या व्यवस्थापकाला वर्षभर समजवासमजवी करत मुख्यालयाच्या ताळेबंदात सांभाळावं लागलं. त्या माणसाची झालेली ओढाताण मी जवळून पाहिली आणि तिचा मला अजून राग येतो.

कायदा याबाबत बोलतो, आणि पुष्कळ जण तो अर्धाच वाचतात. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेला परकीय गुंतवणूक कायदा स्थानिक सरकारांना सांगतो की कायद्यानुसार दिलेली आश्वासनं आणि केलेले करार पाळा, आणि राष्ट्रहितासाठी बदलावेच लागले तर भरपाई द्या. यातले ‘कायद्यानुसार दिलेली’ हे शब्द महत्त्वाचे. अधिकार नसलेल्याने दिलेला शब्द कितीही मनापासून दिलेला असो, या कलमाच्या बाहेर राहतो. त्यात १ ऑगस्ट २०२४ पासून न्याय्य स्पर्धेच्या तपासणीचे नवे नियम आले. कायद्याचा किंवा राज्यपरिषदेचा, म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळाचा, आधार नसताना एखाद्याच कंपनीला खास करसवलत किंवा निवडक अनुदान देणारं धोरण स्थानिक सरकारने काढू नये, असं ते सांगतात. म्हणजे टेबलावरच्या त्या तोंडी यादीतल्या बऱ्याच गोष्टी आता द्यायच्या म्हटल्या तरी देता येत नाहीत. उलट काही सवलती वरून ठरलेल्या आणि भक्कम आहेत. पश्चिम भागातल्या प्रोत्साहन दिलेल्या उद्योगांना कंपनी-कर २५ ऐवजी १५ टक्के, तो २०३० च्या अखेरपर्यंत. चेंगदू, चोंगचिंग, शिआन इथे जाणाऱ्याने तो जरूर धरावा. बाकी स्थानिक सवलतींच्या जागी मी कोष्टकात शून्य लिहिते. शून्य लिहूनही प्रकल्प उभा राहत असेल तरच पुढे बोलायचं. मिळालं तर आनंदच आहे.

शब्द फिरणं हे छोट्या कंपन्यांच्याच वाट्याला येतं असं नाही. मी जिथे राहते तिथलं सुझोऊ औद्योगिक उद्यान १९९४ मध्ये चीन आणि सिंगापूर या दोन सरकारांनी मिळून सुरू केलं. सिंगापूरच्या गटाकडे ६५ टक्के हिस्सा होता. पण शहराचीही शेजारीच एक स्वतःची वसाहत होती आणि स्थानिक अधिकारी गुंतवणूकदारांना तिकडे वळवत होते, कारण तिथला फायदा थेट शहराच्या पदरात पडत होता. तोटा साचत गेला, आणि २००१ मध्ये सिंगापूरने आपला हिस्सा ३५ टक्क्यांवर आणून कारभार चिनी बाजूकडे दिला. त्यानंतर उद्यान भरभराटीला आलं. आज त्याच्या रस्त्यांवरून मी रोज जाते, झाडं, तळं, कारखाने सगळं नीट राखलेलं आहे. दोन सरकारांच्या ओळखीपेक्षा शहराचा स्वतःचा हिस्सा जास्त कामाला आला, हे इथे इतक्या स्वच्छ दिसतं की नव्या सहकाऱ्यांना मी हा इतिहास आधी सांगते.

ग्राहकोपयोगी मालाच्या कंपन्यांचं गणित निराळं आहे आणि त्यावर मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण डोळ्यांना दिसतं ते सांगते. तालुक्याच्या गावात स्टारबक्स उघडतं तेव्हा समोर लकिन ही चिनी कॉफीची साखळी आधीच असते आणि कोपऱ्यावर मिशुए चार युआनला लिंबूपाणी विकत असतं. लकिनने चीनमधल्या विक्रीत स्टारबक्सला २०२३ मध्येच मागे टाकलं, तर मिशुए झेंगझोऊत वाढलेली, लहान गावांच्या खिशाचा अंदाज असलेली साखळी. कारफूर १९९५ मध्ये आलं आणि २०१९ मध्ये चीनमधल्या धंद्याचा ८० टक्के हिस्सा ४.८ अब्ज युआनला विकून निघालं. लहान शहरातली जागा रिकामी असते हा समज तिथल्या एका बाजाररस्त्यावरून चालत गेलं तरी निघून जातो.

यंत्रांच्या धंद्यातही तेच. आमच्या सीलसारखं सील निम्म्या किमतीत बनवणारे चिनी कारखाने आहेत आणि त्यांच्यातले काही उत्तम आहेत. शिवाय ग्राहकावर देशी माल वापरण्याचा आग्रह असतो. त्यात पैसे मिळायचे ते बँकेच्या सहा महिन्यांच्या हुंडीवर. माल दिला, बिल मंजूर व्हायला तीन महिने, मग हातात हुंडी, म्हणजे रोकड यायला पाऊण वर्ष. लहान स्थानिक पुरवठादार तीच हुंडी पुढे आपल्या पुरवठादाराला देऊन मोकळा होतो. आमच्या मुख्यालयाला हे समजावताना घाम फुटतो. आता जरा सुधारणा आहे. २०२३ पासून हुंडीची कमाल मुदत वर्षावरून सहा महिन्यांवर आणली गेली, आणि जून २०२५ मध्ये मोठ्या मोटार कंपन्यांनी पुरवठादारांचे पैसे ६० दिवसांत चुकते करण्याचं जाहीर केलं. तरी नव्या शहरात पाऊल टाकण्याआधी तिथला ग्राहक हुंडी कुठल्या बँकेची देतो हे विचारावंच. गावातल्या छोट्या बँकेची हुंडी आणि मोठ्या राष्ट्रीय बँकेची हुंडी यांत फरक आहे, वटवायला गेलं की कळतो.

मग जायचं कशासाठी? माझं उत्तर ताइत्सांगने घडवलं. शांघायला खेटून असलेलं, सुझोऊच्या अखत्यारीतलं, तालुक्याच्या दर्जाचं हे शहर. १९९३ मध्ये कर्न-लीबर्स ही स्प्रिंगा बनवणारी जर्मन कंपनी तिथे आली आणि आज तिथल्या जर्मन कंपन्यांची संख्या ५०० च्या वर आहे. त्यांतल्या बऱ्याच मध्यम आकाराच्या, घराण्याच्या मालकीच्या. मोठ्या नावांच्या मागे न लागता ताइत्सांगने अशा कंपन्या गोळा केल्या. पण कंपन्या टिकल्या त्या माणसांमुळे. २००१ मध्ये तिथे जर्मन पद्धतीचं कारागीर-प्रशिक्षण सुरू झालं, थोडे दिवस शाळेत आणि थोडे कारखान्यात, तीन वर्षं. मुलगा शिकत असतानाच त्या यंत्रावर हात बसतो आणि परीक्षा पास होतो तेव्हा तो नवखा राहिलेला नसतो.

तिथल्या एका कार्यशाळेत मी पुष्कळ वेळ नुसती उभी राहिले आहे. सीलच्या दोन चकत्या एकमेकींवर फिरतात, त्यांचा पृष्ठभाग इतका सपाट लागतो की मोजपट्टीचा उपयोग नसतो. चकतीवर सपाट काच ठेवतात, एकरंगी दिव्याचा उजेड पाडतात आणि काचेखाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्या बघतात. पट्ट्या सरळ आणि समांतर असल्या तर चकती सपाट, वाकल्या तर पुन्हा घासायला. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी ते करत होती. शेजारी तिचे ‘शीफू’, म्हणजे उस्ताद, दुरुस्तीला आलेल्या पंपाच्या कवचावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मुठीला कान लावून बेअरिंगचा आवाज ऐकत होते. त्यांनी तिला बोलावलं, तिचाही कान लावला आणि विचारलं, ‘काय ऐकू येतंय?’ ती म्हणाली, ‘वाळू.’ त्यांनी मान हलवली आणि पंप खोलायला घेतला. हे दोघं शांघायला जाणार नाहीत. मुलीचे आईवडील तिथेच आहेत, शीफूंचं घर तिथलं आहे. माणूस टिकतो म्हणून हात तयार होतो, आणि अशा हाताच्या कामाला निम्म्या किमतीचा प्रतिस्पर्धी लगेच गाठू शकत नाही.

उलट बाजूही तेवढीच खरी. परदेशी व्यवस्थापक अशा गावात कुटुंब घेऊन राहायला तयार होत नाहीत, शाळेवरून गाडं अडतं. मी तर म्हणते पाठवूच नका. तिथलाच माणूस नेमा आणि त्याला निर्णयाचा अधिकार द्या. सुझोऊला फोन करून विचारल्याशिवाय ज्याला पाच हजार युआनचा सुटा भाग देता येत नाही, तो ग्राहकासमोर काय बोलणार?

गेल्या काही वर्षांत हवा बदलली आहे. चीनच्या वाणिज्य मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये वापरात आलेली परकीय गुंतवणूक ८२६ अब्ज युआन होती, आदल्या वर्षीपेक्षा २७ टक्क्यांनी कमी. त्यामुळे लहान शहरांचे अधिकारी जास्त फिरतात, जास्त आर्जव करतात. आणि मोठ्या परदेशी कंपन्या आता विकण्याबरोबर शिकायलाही येऊ लागल्या आहेत. फोक्सवॅगनने हेफेईत एक अब्ज युरोंचं विकास-केंद्र जाहीर केलं आणि त्याच वर्षी, २०२३ मध्ये, श्याओपेंग या चिनी कंपनीत सुमारे ७० कोटी डॉलर घालायचं ठरवलं. ज्यांनी चाळीस वर्षं चीनला गाड्या करायला शिकवल्या त्यांना आता आन्हुईतल्या इंजिनियरांकडून वेग शिकायचा आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. आमच्यासारख्या कंपनीनेही हेच करावं असं मी लिहून देते.

अलीकडे मी अधिकाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारते. तुमच्याकडून निघून गेलेली परदेशी कंपनी कुठली आणि ती का गेली? बरेच जण म्हणतात, कुणी गेलंच नाही. आन्हुईतल्या एका लहान शहरात गुंतवणूक खात्याच्या बाईंनी मात्र वही काढली, दोन कंपन्यांची नावं सांगितली, एक विजेच्या खंडित पुरवठ्यामुळे आणि एक भागीदाराशी भांडण होऊन गेली म्हणाल्या, आणि पहिल्या कंपनीच्या जुन्या व्यवस्थापकाशी वीचॅट या निरोपांच्या ॲपवर मला तिथल्या तिथे जोडून दिलं. त्याने उपकेंद्र कधी झालं, आता वीज कशी आहे, बाई स्वतः किती वेळा रात्री कारखान्यात आल्या, सगळं सांगितलं. त्या शहरात आम्ही कारखाना टाकला नाही. दुरुस्तीची कार्यशाळा टाकली, भाड्याच्या शेडमध्ये, अनुदानाच्या जागी शून्य लिहून. आसपासच्या रासायनिक कारखान्यांना सील बदलून मिळायला पूर्वी दोन दिवस लागायचे, आता चार तासांत माणूस पोचतो. ताइत्सांगची पद्धत तिथल्या तंत्रशाळेत सुरू करता येईल का, यावर शाळेच्या प्राचार्यांशी बोलणी चालू आहेत. त्यांची अट अशी की मुलांना पहिल्या वर्षापासून विद्यावेतन मिळावं, आणि ती मान्य करावी यासाठी मी मुख्यालयाच्या मागे लागले आहे.